पडद्यावरील ग्रंथ आणि गावातील वाचनालय

‘सर्व काही आता मोबाईलवर मिळते, मग वाचनालय कशासाठी?’ हा प्रश्न अलीकडे ग्रामसभांतून, शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांतून आणि क्वचित अंदाजपत्रकावरील चर्चेतही विचारला जातो. प्रश्न विचारणारे ग्रंथांचे वैरी असतात असे मुळीच नाही. खोली पडून आहे, कपाटांना कुलूप आहे, वर्तमानपत्रे चाळण्यापलीकडे तेथे कोणी फारसे थांबत नाही. तेव्हा त्या जागेचा दुसरा काही उपयोग व्हावा, असा त्यांचा व्यवहारी हिशेब असतो. अशा प्रश्नाला ग्रंथमहिम्याची वचने ऐकवून उत्तर देता येत नाही. मराठी ग्रंथांपैकी काय काय पडद्यावर आले आहे, ते कोणत्या स्वरूपात आले आहे, कोणाच्या हक्काने आले आहे आणि ते गावातील वाचकाच्या हाती नेमके कसे पडते, याचा तपशील पाहूनच ते दिले पाहिजे. ग्रंथ उपलब्ध असणे आणि ग्रंथ वाचकाला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कपाटाच्या बाबतीत हे खरे होते. पडद्याच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.

घरबसल्या संदर्भ

प्रथम जमेची बाजू. ती लहान नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून सिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे जाडजूड खंड विकत घेणे लहान वाचनालयाच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि घेतलेच तर ते ‘फक्त येथेच वाचण्यासाठी’ असा शिक्का मारून कपाटात बंद होत. आज विश्वकोशातील नोंदी इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात आणि हव्या त्या शब्दावरून शोधता येतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ज्यासाठी आयुष्य वेचले, त्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंडही असेच खुले झाले आहेत. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या कोशप्रकल्पामुळे कोणालाही पाहता येतो. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी तालुक्याच्या शिक्षकाला जिल्ह्याच्या गावी जावे लागे, आणि तेथेही तो कोश असेलच याची शाश्वती नसे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले आणि २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय विद्यार्थ्यांसाठी खुले आहे. ही यादी आणखी वाढविता येईल. परंतु ज्या गावात ही साधने आहेत हे सांगणाराच कोणी नाही, तेथे यादी कितीही लांबली तरी उपयोग नाही.

चित्र आणि अक्षर

‘पुस्तक इंटरनेटवर आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यांत महदंतर आहे. पहिल्या प्रकारात छापील पानाचे छायाचित्र काढलेले असते. ते डोळ्यांना पान दिसते. यंत्राला मात्र ते निव्वळ चित्र असते. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे करायचे तर पानच मोठे करावे लागते, आणि बोटभर रुंदीच्या पडद्यावर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे ओढत नेऊन वाचावी लागते. चाळिशी ओलांडलेला वाचक अशा प्रकारे एक प्रकरणही पुरे करीत नाही. दुसऱ्या प्रकारात मजकुराची अक्षरे संगणकाला अक्षरे म्हणूनच दिलेली असतात. असा मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतो, शोधता येतो, आणि अंध वाचकासाठी यंत्र तो मोठ्याने वाचूनही दाखवू शकते. विश्वकोशाची उपयुक्तता या दुसऱ्या प्रकारामुळे आहे. जुन्या मराठी ग्रंथांपैकी बहुतेक मात्र आजही पहिल्याच प्रकारात आहेत.

चित्रातून अक्षरे ओळखण्याचे काम यंत्राकडून करून घेता येते आणि अलीकडे त्यात पुष्कळ प्रगती झाली आहे. तरीही जुन्या खिळ्यांचा छाप, पिवळा पडलेला कागद आणि पुसट रेषा यांमुळे ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’ सहज होतो. ‘घर’ या शब्दाचे ‘धर’ झाले की वाक्य उलटेपालटे होते. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोहोंतील ‘र’ची खूण निसटली की समुद्र डोंगरात जातो. अशा चुका काढण्यासाठी कोणीतरी मूळ पान शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावी लागते. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहात स्वयंसेवक हेच काम करतात. एकाने पान तपासायचे, दुसऱ्याने ते पुन्हा तपासायचे, अशी तेथील रीत आहे. छापखान्यातील मुद्रितशोधकाचे काम यंत्रयुगात संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी ही पाने एकदा पाहावीत. शुद्धलेखनाची नजर असलेल्या माध्यमिक शिक्षकाला आणि त्याच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना करण्यासारखे याहून चांगले काम क्वचितच सापडेल.

अक्षरांचीही एक अडचण होऊन गेली आहे. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ पासून स्थान असले, तरी मराठी छपाईच्या व्यवहारात ती प्रणाली रुळण्यास बराच काळ लागला. दरम्यान प्रत्येक मुद्रणसंचाची सांकेतिक पद्धत वेगळी होती. परिणामी त्या काळात संगणकावर जुळविलेल्या पुस्तकांच्या फायली आज दुसऱ्या संगणकावर उघडल्या तर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे छापील पुस्तक उघडून वाचता येते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाईल मात्र रूपांतर केल्याखेरीज वाचता येत नाही. जतनाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

नाव हरवलेले ग्रंथ

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या केंद्रीय प्रकल्पाखाली या शतकाच्या प्रारंभापासून हजारो जुन्या भारतीय ग्रंथांची पाने चित्रांकित झाली. त्यांत मराठी ग्रंथांची संख्या मोठी होती. मोठ्या परिश्रमाचे हे काम होते. पण ग्रंथांची नावे रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तशा स्पेलिंगने नोंदविली गेली. एकाच लेखकाचे नाव चार प्रकारे, कोठे आडनाव आधी तर कोठे अजिबात नाही, प्रकाशनवर्ष चुकलेले, काही पाने गळलेली, अशी पुष्कळ ग्रंथांची अवस्था झाली. शोधणाऱ्याला ग्रंथ सापडत नाही आणि नसल्याची खात्रीही पटत नाही. ज्यांनी एखाद्या जुन्या ग्रंथालयातील जाणत्या ग्रंथपालाला अर्धवट नाव सांगून पुस्तक मिळविले आहे, त्यांना हा फरक लगेच कळेल. पुढे २०१७ च्या सुमारास हे संकेतस्थळच बंद झाले. तोवर इंटरनेट अर्काईव्ह या परदेशी संग्रहात त्यातील पुष्कळ ग्रंथांच्या प्रती उतरवून ठेवण्यात आल्या होत्या, म्हणून ते आज पाहता येतात.

छापील ग्रंथाच्या बाबतीत अशी काळजी घेण्यासाठी कायदा आहे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमान्वये प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियोजित ग्रंथालये यांना स्वखर्चाने पाठवावयाची असते. या कायद्यासमोर छापील ग्रंथ होता. जे पुस्तक केवळ पडद्यासाठीच निघते त्याची एकही प्रत अशा सार्वजनिक ठेव्यात पोहोचली नाही, तर ते विकणारी कंपनी बंद पडताच ग्रंथही नाहीसा होऊ शकतो. विकत घेतलेले ई-पुस्तक पुष्कळदा वाचकाच्या मालकीचे नसतेच. ते ठरावीक अटींवर वाचण्याची केवळ परवानगी असते. ते मित्राला देता येत नाही, वाचनालयाला भेट देता येत नाही. वाचनालयांच्या कपाटांत देणगीदारांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेली पुस्तके रांगेने दिसतात, तो मार्ग येथे बंद होतो.

ग्रंथकाराचा वाटा

आता हक्काचा प्रश्न. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर नवीकोरी, बाजारात विक्रीस असलेली मराठी पुस्तके पीडीएफ करून पाठविली जातात. पाठविणाऱ्याची भावना वाचनप्रसाराची असते. त्याचा परिणाम कोणावर होतो, ते साध्या हिशेबाने पाहता येईल. उदाहरणादाखल, तीनशे रुपये किंमतीच्या पुस्तकाची एक हजार प्रतींची आवृत्ती निघाली आणि लेखकाला दहा टक्के मानधन ठरले, तर संपूर्ण आवृत्ती खपल्यावर त्याला तीस हजार रुपये मिळतील. लेखनाला तीन वर्षे लागली असतील तर महिन्याला साडेआठशे रुपयेही पडत नाहीत. एवढ्या लहान बाजारपेठेत शेदोनशे प्रतींचा खप कमी झाला, तरी दुसरी आवृत्ती काढावी की नाही याचा प्रकाशक विचार करू लागतो. मोठ्या भाषांतील लेखकाला जी गळती सोसते ती मराठीतील लेखकाला सोसत नाही.

कायदा मात्र अनेकांना वाटतो तितका आडमुठा नाही. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे त्याच्या साहित्यकृतीवर प्रताधिकार राहतो. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्काची मुदत १९९१ अखेर संपत होती, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी मुक्त झाले. बा. सी. मर्ढेकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे निधन १९५६ मधील. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत २०१६ अखेर पूर्ण झाली. हरि नारायण आपटे, लक्ष्मीबाई टिळक, बालकवी यांच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा स्वतंत्र असतो, आणि नव्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना किंवा टीपा यांवर त्या लिहिणाऱ्याचा हक्क असतो, हे ध्यानात ठेवावे. मूळ ग्रंथ मुक्त आहे म्हणून कालपरवा निघालेल्या आवृत्तीचे प्रत्येक पान मुक्त होत नाही.

याखेरीज कायद्याने काही सवलती स्पष्टपणे दिल्या आहेत. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला आवश्यक तो मजकूर वापरता येतो. विक्रीस असलेली संपूर्ण कादंबरी गटागटांतून फिरविणे यात बसत नाही. जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या उपयोगासाठी करून घेता येतात. २०१२ च्या दुरुस्तीने, ज्या ग्रंथाची छापील प्रत बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे, त्याची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठविण्याची मुभा मिळाली. त्याच दुरुस्तीने अंध व अन्य अपंग वाचकांसाठी सुलभ स्वरूपातील प्रती करण्याचा मार्ग मोकळा झाला. यासंबंधीच्या माराकेश आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम संमती देणारे राष्ट्र भारत होते, आणि २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हा अशा ग्रंथांचा संग्रह कार्यरत झाला. गावातील दृष्टिहीन विद्यार्थ्यांपैकी किती जणांपर्यंत ही माहिती पोहोचली आहे, हे प्रत्येक केंद्रप्रमुखाने आपल्या क्षेत्रापुरते पाहण्यासारखे आहे.

कानांनी वाचणे

श्राव्य पुस्तकांबद्दल काही जाणकार नाक मुरडतात. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्रात हा आक्षेप थोडा विचित्र वाटतो. श्रावणात देवळाच्या ओसरीवर एकाने पोथी वाचावी आणि गावाने ऐकावी, ही रीत साक्षरतेच्या कितीतरी आधीची आहे. ज्ञानेश्वरी आणि हरिविजय पुष्कळांनी कानांनीच वाचले. शेतात, प्रवासात, स्वयंपाक करताना कथा ऐकणारी स्त्री वाचकच आहे. फक्त ती जे ऐकते त्याचे मोल वाचकाला व निर्मात्याला किती पडते, आणि गावच्या वाचनालयातून ते विनामूल्य देता येईल काय, एवढा प्रश्न उरतो.

जागा आणि माणूस

महाराष्ट्रातील ग्रंथालये शासनाने काढलेली नाहीत. ती लोकांनी काढली आहेत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईतील १८९८ मध्ये सुरू झाले. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम करताना हीच परंपरा आधारभूत मानण्यात आली. मद्रास राज्याने १९४८ मध्ये ग्रंथालय-कर बसविला होता. महाराष्ट्राने तो न बसविता, स्थानिक संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याची पद्धत पत्करली. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरविण्यात आले, आणि आज अशी अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये राज्यात आहेत. या पद्धतीत गुण आहे तसा धोकाही आहे. गावाने आस्था सोडली तर ते ग्रंथालय चालविण्यासाठी दुसरे कोणतेही कार्यालय पुढे येत नाही. मान्यता एकदा गेली की ती पुन्हा मिळविणे फार कष्टाचे असते. म्हणून ‘खोली दुसऱ्या कामाला द्यावी’ हा ठराव दिसतो तितका साधा नसतो.

आणि खोलीचे महत्त्व पडद्याच्या युगात कमी झालेले नाही, याचे उदाहरण राज्यातच आहे. ४ मे २०१७ रोजी सातारा जिल्ह्यातील भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून वाचकांसाठी खुले झाले. पाचगणी-महाबळेश्वर मार्गावरील या स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या गावात प्रारंभी पंचवीस ठिकाणी, राहत्या घरांतून व देवळांतून, सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या दुकानांसाठी ख्याती पावलेल्या गावावरून ही कल्पना सुचली. भिलारमध्ये मात्र पुस्तके विकण्यापेक्षा बसून वाचण्यावर भर आहे. ओटीवर बसा, हवे ते पुस्तक काढा, वाचा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात तर पुस्तकांची पेटीच एखाद्या वसाहतीत ठेवली जाते, ठरावीक काळाने ती बदलली जाते, आणि अशा पेट्या परदेशातील मराठी मंडळींपर्यंतही गेल्या आहेत. ज्या कुटुंबांच्या घरी उत्तम इंटरनेट आहे तीही या पेटीची वाट पाहतात. कारण पेटीबरोबर ती सांभाळणारा एक माणूस येतो, आणि तो ‘हे वाचले का?’ असे विचारतो.

पंचायतीच्या कक्षेत

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येण्याजोगे एकोणतीस विषय आहेत. त्यांत ग्रंथालये हा विषय विसावा आहे. तेव्हा ग्रामपंचायतीने वाचनालयाची चौकशी करणे हा अधिकारक्षेत्राबाहेरचा उद्योग नव्हे. करावयाचे काम खर्चाचेही नाही. ग्रामपंचायतीत इंटरनेटची जोडणी आली असेल तर संध्याकाळचे दोन तास ती वाचनालयाला मिळावी. एक मोठ्या पडद्याचा संगणक वाचनालयात असावा. विश्वकोश, शब्दकोश, मंडळाची प्रकाशने व पाठ्यपुस्तके कोठे मिळतात याची ठळक अक्षरांतील यादी भिंतीवर लावावी. ग्रंथपालाला वर्षातून एकदा जिल्ह्याच्या ग्रंथालयात प्रशिक्षणासाठी पाठवावे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन २०१५ पासून साजरा होतो. त्या दिवशी भाषणांऐवजी विद्यार्थ्यांकडून एखाद्या मुक्त ग्रंथाची दहा पाने मुळाशी ताडून घेतली, तर दिवस सार्थकी लागेल.

एक काम मात्र गावाखेरीज कोणीही करणार नाही. शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका, सहकारी सोसायटीचे जुने अहवाल, यात्रेच्या निमित्ताने छापलेली पुस्तिका, गावच्या शाहिराने पदरमोड करून काढलेला कवनसंग्रह, विद्यार्थ्यांचे हस्तलिखित वार्षिक: यांच्या प्रती कोलकात्याला पोहोचलेल्या नसतात आणि कोणताही मोठा प्रकल्प त्यांच्यापर्यंत येणार नाही. त्या बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर असतात आणि घर पाडताना रद्दीत जातात. हे साहित्य वाचनालयात आणावे, लेखक किंवा वारसाची लेखी संमती घ्यावी आणि सरळ, स्वच्छ उजेडात प्रत्येक पान चित्रांकित करावे. फाईलला नाव देताना ग्रंथाचे नाव, लेखक, गाव आणि वर्ष देवनागरीतच, एका ठरलेल्या क्रमाने लिहावे. एक प्रत वाचनालयात, दुसरी शाळेत आणि तिसरी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावी. मूळ पुस्तिका कापडात बांधून कपाटातच राहू द्यावी.